वाचकांचे प्रश्न : दिवे बदलले, तरी वीजबिल उतरत नाही

प्रश्न : घरातील सर्व दिवे आम्ही एलईडी केले, मोबाइलचे चार्जर आठवणीने काढून ठेवतो, तरीही वीजबिलात म्हणावा तसा फरक पडलेला नाही. घर भाड्याचे असल्याने छतावर सौरपॅनेल बसवता येत नाही. खर्च वाचेल आणि कार्बन उत्सर्जनही घटेल, असे आमच्या हाती आणखी काय आहे?

उत्तर : दिवे बदललेत ते योग्यच केलेत, मात्र मीटर पळतो तो मुख्यतः उष्णतेमुळे. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते, आणि तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा साठ तास चालतो. नुसता लावून ठेवलेला आधुनिक चार्जर वर्षभरात फार तर दोन-तीन युनिटे घेतो. चार-पाच जणांच्या एका दिवसाच्या आंघोळीत तेवढी वीज सहज खर्ची पडते. कोळशावर तयार झालेल्या एका युनिटामागे सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यामुळे बचतीचा आणि उत्सर्जनाचा हिशेब येथे एकच आहे.

म्हणून सुरुवात गीझरपासून करावी. टाकीतले पाणी दिवसभर गरम ठेवले, तर टाकीच्या भिंतींतून उष्णता सतत निसटत राहते. पाणी पूर्ण तापवावे, पण वापरापूर्वी थोडाच वेळ. टाकीचे तापमान कायम कोमट ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण अशा पाण्यात जंतू वाढू शकतात. कमी पाणी सोडणारा शॉवर बसवल्यास तापवायचे पाणीच कमी होते, आणि घर सोडताना तो काढून नेता येतो.

पंख्याचेही तसेच आहे. साधा पंखा सुमारे ७५ वॅट, तर बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅट वीज घेतो. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे दिवसाला अर्धे युनिट वाचते. कपडे यंत्रात थंड पाण्याने धुवावेत. चालू स्थितीतला फ्रिज केवळ नवा घेण्यासाठी मोडीत काढावा असे आम्हांला वाटत नाही, कारण नवा तयार करतानाही उत्सर्जन होतेच. पण जुना फ्रिज ‘असू द्या’ म्हणून दुसरा चालू ठेवला असेल, तर तो आजच बंद करावा.

एवढे करूनही शंका उरली, तर एके रात्री फ्रिजसह सर्व उपकरणे तासभर बंद ठेवून मीटरचा आकडा आधी आणि नंतर टिपून घ्यावा. आकडा तरीही पुढे सरकला, तर घरमालकांना सांगून वायरिंग तपासून घ्यावे.