मेडिकलच्या विद्यार्थ्यांना त्वचारोगाची ओळख करून देताना कोणत्या आजारांपासून सुरुवात करावी?

दहा दिवसांच्या पोस्टिंगमध्ये मुलांना कोणते आजार आधी शिकवू आणि स्लाइडशो केवढा करू, असं तुम्ही विचारलंय. स्लाइडशोचं आधी सांगते. करू नका. आणि सुरुवात आजारांपासूनही करू नका.

माझा एक बॅचमेट मेडिसिनवाला आहे. "स्किन म्हणजे काय गं, ओलं असेल तर कोरडं करा, कोरडं असेल तर ओलं करा आणि नाहीच कळलं तर स्टिरॉइड चोपडा." हा विनोद तो इतकी वर्षं मला ऐकवतोय. आता अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांत तो बसतो आणि "त्वचारोगाला दोन लेक्चरं पुष्कळ झाली" असं त्याचं मत आहे. त्याला कधी तोंडावर सांगितलं नाही ते इथे लिहिते.

इंटर्नशिपला आम्ही दोघं एकाच वॉर्डात होतो. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या एक आजी दाखल होत्या. तळहातांवर, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली जाड पिवळट थर, वाळलेल्या चिखलासारखे. केसपेपरवर त्याने लिहिलं "सोरायसिस". दुसऱ्या दिवशी मी तेच उतरवलं, तिसऱ्या दिवशी तिसऱ्याने. राउंडला कुणी चादर बाजूला करून पाहिलं नाही. स्टिरॉइडचं मलम मी स्वतः चोळायचे, तेही ग्लोव्हज न घालता, कारण सोरायसिस संसर्गजन्य नसतो हे मला चोख पाठ होतं. आजी खाजवत नव्हत्या, त्यामुळे खरूज कुणाच्या डोक्यातच आली नाही.

सव्वा महिन्याने मला रात्री झोप येईना. आधी मनगटं, मग पोट, मग बेंबीभोवती. मी ॲलर्जी समजून सेट्रिझीन गिळत बसले. वॉर्डातल्या दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉयही खाजवत होते, पण तिकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता?

शेवटी स्किनच्या मॅडमकडे गेले. त्यांनी काही विचारलं नाही. मनगट धरून मला खिडकीपाशी नेलं, शाईच्या पेनाने मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात शाई लावली आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकली. सगळी शाई गेली; अर्ध्या सेंटिमीटरची एक वाकडी निळी रेघ तेवढी राहिली.

"काय दिसतंय?"

"खरूज, मॅडम."

"ते नाव झालं. दिसतंय काय?"

मला सांगता येईना. एमबीबीएस झालेली मुलगी, आणि स्वतःच्या हातावरच्या रेघेचं वर्णन जमेना. मॅडमनी सुईच्या टोकाने रेघेचं टोक उकरलं, स्लाइडवर तेलाच्या थेंबात ठेवलं आणि मला मायक्रोस्कोपवर बसवलं. खरजेच्या किड्याची गोलसर, काचेसारखी पारदर्शक मादी, पुढचे पाय हलवत होती. असेल 0.4 मिलिमीटरची. माझ्याच कातडीखालून निघालेली!

गंमत म्हणजे वैद्यकाला हा किडा नीट दाखवला तोही एका विद्यार्थ्याने. 1687 मध्ये इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी खरजेचं कारण म्हणून त्याचं वर्णन केलं होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही. 1812 मध्ये पॅरिसमध्ये गालेस यांनी जो किडा दाखवला तो पुढे चीजमधला ठरला. 1834 मध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने तिथल्याच सेंट लुई हॉस्पिटलात सगळ्यांसमोर सुईने किडा काढून दाखवला. ती युक्ती त्याला गावाकडच्या बायकांकडून ठाऊक होती. मोठमोठे प्रोफेसर फोडांत शोधत होते, किडा रेघेच्या, म्हणजे त्याने कातडीत पोखरलेल्या बिळाच्या, टोकाला बसलेला.

त्या दिवशीच मॅडम आजींकडे आल्या. तो सोरायसिस नव्हता, खरूजच होती. साध्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे असतात, जाड खपल्यांच्या खरजेत हजारो-लाखो. मायक्रोस्कोपखाली मोकळी जागाच दिसेना. वर स्टिरॉइड चोळून आम्ही त्यांची सोयच केली होती. मग सगळ्या वॉर्डाला, आम्हाला आणि आमच्या घरच्यांना एकाच दिवशी औषध. बॅचमेटला खाज सुटली नव्हती, कारण त्याने आजींना हातच लावला नव्हता.

तर पहिले दोन दिवस मुलांना आजाराचं नाव उच्चारायला बंदी करा. डाग सपाट की उंच, हे डोळे मिटून बोट फिरवून सांगायला लावा. लाल डागावर काचेची स्लाइड दाबा. लाली गेली तर रक्त वाहिन्यांतच आहे, राहिली तर बाहेर झिरपलंय. अंगावर पित्ताच्या गांधी आल्या असतील तर एकीभोवती पेनाने गोल काढून दुसऱ्या दिवशी बोलवा. 24 तासांनी गांध तिथेच असेल तर ते साधं पित्त नव्हे. फिकट चट्टे एकत्र दाखवा: नखाने खरवडल्यावर बारीक कोंडा सुटतो ते शिबं, दुधासारखं पांढरं ते कोड, आणि कापसाचा स्पर्श कळत नाही तो कुष्ठरोग. हानसेन यांनी जंतू 1873 मध्ये दाखवला, तरी आजही कापूस काढायचा कंटाळा करून चट्ट्यावर मलम लिहिणारे डॉक्टर आहेतच.

नायट्याची कड स्वतः खरवडायला लावा, कातडीच्या पेशी विरघळवणारं केओएचचं द्रावण टाकून मायक्रोस्कोपखाली स्वतः बघू द्या. "नाहीच कळलं तर स्टिरॉइड" याचा परिणाम तिथेच दिसतो: कड पुसली जाते, लाली उतरते, पेशंट खूश आणि बुरशी आत पसरतेय. याला टिनिया इनकॉग्निटो हे नाव 1968 मध्येच मिळालंय. बॅचमेटने वाचलं नसावं.

एक्झिमा, मुरुमं, सोरायसिस ओपीडीत रोजच येतात, त्यांची काळजी नको. एकच गोष्ट पहिल्या दिवशी नावासकट सांगा: नवीन औषध सुरू केल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत कातडी दुखतेय, तोंड-डोळे सोललेत, तर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम समजून ते औषध बंद करून लगेच दाखल. फिट्सची आणि सल्फाची औषधं, ॲलोप्युरिनॉल, ही नावं तिथेच घोकून घ्या.

सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा काळपट दिसते. पुस्तकातल्या गोऱ्या फोटोंवर विसंबू नका. आणि कपडे काढून तपासा म्हणते आहे, पण विचारून, पडदा ओढून, एका वेळी दोनच मुलं. दुर्मिळ आजारांना स्लाइडशो लागतोच, हेही मान्य. तो शेवटच्या दिवशी ठेवा.

आजींच्या केसपेपरवर सहीने माझंही नाव होतं. तेव्हा सगळा दोष बॅचमेटच्या माथी मारते आहे असं वाटलं, तर अर्धा कमी करा.

शाईचा पेन मात्र स्वतःचा न्या, मुलांकडे हल्ली नसतो. धुतल्यावर जाणारा स्केचपेनही चालतो.