सराटा आणि गोखरू एकच का?

विचारणा अशी आहे: सोलापूरकडे नदीकाठच्या वाळूत जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची एक काटेरी वनस्पती दिसते. गावात तिला सराटा म्हणतात, पुस्तकांत गोखरू. पण काष्ठौषधींच्या दुकानात गोखरू मागितलं, तर पुडीत चौकोनी, बोटाच्या पेराएवढी फळं आली. मग सराटा म्हणजे गोखरू की नाही?

सराटा म्हणजे गोखरूच. मात्र गोखरू म्हणून मिळणारी प्रत्येक वस्तू सराटा नसते.

वाळूतला तो खरा सराटा, शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठं, एक लहान, आणि पान हरभऱ्यासारखं बारीक पर्णिकांचं. पण ओळख पटवायची ती फळावरून. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे सुटे होतात आणि प्रत्येकाला सहसा दोन मोठे, दोन लहान काटे असतात. तुकडा कसाही पडो, एखादा काटा वर राहतोच. अनवाणी चालणाऱ्याला आणि सायकलच्या ट्यूबला हे वेगळं सांगायला नको!

तुमच्या पुडीतलं ते मोठं गोखरू, पेडॅलियम म्युरेक्स. हेही वर्षायू आणि वाळूतलंच, समुद्रकाठी विशेष. पण कूळ तिळाचं. फूल पिवळंच, मात्र नळीसारखं. फळाला चार कोन आणि बुडाशी चार काटे. याची ओली फांदी पाण्यात घुसळली की पाणी बुळबुळीत होतं. सराट्याचं तसं होत नाही, त्यामुळे शंका फेडायला हा प्रयोग पुरतो.

आता शब्द. गोखरूच्या मागे संस्कृत 'गोक्षुर' आहे. क्षुर म्हणजे वस्तरा. क्षीरची खीर होते तसा इथे क्षचा ख झाला. गंमत म्हणजे याच क्षुराच्या घराण्यातल्या 'क्षुरिके'ची मराठीत 'सुरी' झाली, तिथे ख नाही. म्हणून मला गोखरू हा शब्द वैद्य आणि दुकानदारांकडून आलेला वाटतो. शेतकऱ्याच्या तोंडी आपला सराटाच.

अमरकोशात गोक्षुराची आणखी नावं आहेत: श्वदंष्ट्रा म्हणजे कुत्र्याचा दात, आणि वनशृंगाट म्हणजे रानशिंगाडा. सराट्याचा सुटा तुकडा हातात घेऊन शिंगाड्याशेजारी ठेवा, दुसरं नाव लगेच पटेल. यातली 'श्वदंष्ट्रा' कौटिलीय अर्थशास्त्रातही येते, पण औषध म्हणून नव्हे. किल्ल्याबाहेरची वाट शत्रूला अडचणीची करायला जे काही पेरायचं, त्या यादीत ती आहे.

काही जण कपड्यांना चिकटणाऱ्या शंकेश्वरालाही गोखरू म्हणतात. त्याचे काटे आकड्यासारखे वळलेले असतात आणि पान चांगलं रुंद, त्यामुळे तो लगेच वेगळा काढता येतो. दुकानात मात्र नुसतं गोखरू न मागता 'लहान गोखरू' म्हणा, आणि पुडी बांधण्याआधी फळांचा आकार पाहा.