व्हँकूवरला घर, हिल्सबरोला ऑफिस: टॅक्स खरंच वाचतो का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पुण्याहून एल-१ व्हिसावर (कंपनीच्या अंतर्गत बदलीचा व्हिसा) ओरेगनमध्ये हिल्सबरोला बदली होतेय, पगार १,४०,००० डॉलर, बरोबर पत्नी आणि पहिलीत जाणारी मुलगी. ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं की नदीपलीकडे वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूवरला (कॅनडातलं नव्हे) घर घ्या, तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, वर्षाला दहा हजार डॉलर सहज वाचतात. खरं का हे?

आम्ही पलीकडेच राहतो, म्हणून सांगतो. तुम्ही रोज हिल्सबरोला जाऊन काम करणार असाल तर तुमच्या पगारावर काही वाचणार नाही. पत्नीच्या पगारावर मात्र वाचू शकतं, आणि चांगलं वाचू शकतं. त्यामुळे घर कुठे घ्यायचं हे तिची नोकरी कुठे लागते त्यावर ठरवा.

कारण साधं आहे. पगारावर पहिला हक्क सांगतं ते जिथे बसून काम केलं ते राज्य. झोपायला तुम्ही कुठे जाता याच्याशी ओरेगनला देणंघेणं नाही. वॉशिंग्टनमध्ये राहून ओरेगनमध्ये कमावणाऱ्याला अनिवासी म्हणून ओआर-४०-एन हा फॉर्म भरावा लागतो आणि दर रहिवाशांचेच लागतात, ८.७५ टक्क्यांचा मोठा टप्पा आणि जोडप्याच्या अडीच लाखांपुढे ९.९ टक्के. तुमच्या आकड्यावर साधारण दहा हजार डॉलर होतात, आणि ते प्रत्येक पगारातून आपोआप कापले जातात. जानेवारीत डब्ल्यू-टू (वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा फॉर्म) हातात येईल तेव्हा खालच्या ओळीत बघा: पंधराव्या चौकटीत ओआर (म्हणजे ओरेगन), सोळाव्यात पगाराचा आकडा, सतराव्यात कापलेला टॅक्स. घरचा पत्ता वर व्हँकूवरचा छापलेला असतो, तरी खालची ओळ बदलत नाही.

इथे न्यू जर्सीवाल्या मित्रांचे सल्ले हमखास गोंधळ घालतात. त्यांच्याकडे न्यूयॉर्कला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे वजावट, न्यू जर्सी देतं, शिवाय न्यूयॉर्क शहराचा ३ ते जवळपास ३.९ टक्क्यांचा वेगळा टॅक्स फक्त शहरात राहणाऱ्यांना लागतो. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनहून लोकलने जाणाऱ्याचं खरोखर वाचतं (मग तो ते प्रॉपर्टी टॅक्समध्ये घालवतो, पण ते असो). पेन्सिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी यांच्यात तर करारच आहे, पगारावर फक्त राहत्या राज्याने कर घ्यायचा. ओरेगन आणि वॉशिंग्टन यांच्यात असला करार नाही, आणि वॉशिंग्टन पगारावर कर घेतच नाही, तर क्रेडिट तरी कशाचं देणार? आपल्यासारखीच गत न्यू हॅम्पशायरहून बोस्टनला जाणाऱ्यांची. मॅसॅच्युसेट्स त्यांच्याकडून ५ टक्के घेतंच. कोविडमध्ये लोक घरून काम करत होते तरी ते घेत राहिलं, म्हणून न्यू हॅम्पशायर थेट सुप्रीम कोर्टात गेलं. २०२१ मध्ये कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

आता वाचतं कुठे ते बघू.

पहिली गोष्ट पत्नीची नोकरी. एल-१ वाल्याच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या वर्क परमिटची वाट बघावी लागत नाही. आय-९४ वर (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद) एल-२एस, म्हणजे एल-१ वाल्याचा जोडीदार, असा शेरा असला की काम करता येतं. विमानतळावर उतरल्यावर तो शेरा नीट आलाय का हे दोघांनी मिळून तपासा, नुसतं एल-२ आलं असेल तर दुरुस्त करून घ्या. समजा तिला व्हँकूवरमध्येच ७०,००० डॉलरची नोकरी मिळाली. तुम्ही हिल्सबरोत राहत असाल तर ओरेगन तिच्या पगारावरही टॅक्स घेणार, कारण ओरेगन आपल्या रहिवाशाचं सगळं उत्पन्न मोजतं. ८.७५ च्या टप्प्याने सहा हजार डॉलरच्या आसपास. व्हँकूवरला राहत असाल तर त्यावर राज्याचा आयकर शून्य. वॉशिंग्टनची ०.५८ टक्क्याची केअर फंडाची (दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याची) कपात आणि पेड लीव्हचा (पगारी रजेच्या योजनेचा) छोटा हप्ता तेवढा जाईल. उलट तिला ओरेगनमध्येच, हिल्सबरोशेजारच्या बीव्हर्टनला नोकरी लागली तर व्हँकूवरला राहून तुम्ही दोघं रोज ट्रॅफिकमध्ये बसाल आणि टॅक्सही दोघांचा भराल. असं एक जोडपं मला माहीत आहे. घर व्हँकूवरशेजारच्या कॅमसमध्ये, शाळा चांगली म्हणून घेतलेलं, त्यामुळे ते खूश आहेत. पण टॅक्ससाठी घेतलं असं कोणी म्हणालं की दोघं हसतात.

दुसरी गोष्ट पगाराबाहेरचं उत्पन्न. पुण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन येणार ना? ते भाडं, एफडीचं व्याज, इथल्या शेअर्सचा नफा, हे ओरेगनचा रहिवासी झालात की ओरेगनच्या रिटर्नमध्ये येतं. वॉशिंग्टनचा रहिवासी असाल तर ओरेगन फक्त ओरेगनमध्ये कमावलेलं बघतं. (केंद्राच्या रिटर्नमध्ये ते दोन्हीकडे दाखवायचंच, त्यात सुटका नाही.) कंपनी शेअर्स देणार असेल तर एक फरक लक्षात ठेवा: शेअर्स तुमच्या नावावर होतात त्या दिवशीची किंमत हा पगार, त्यावर ओरेगन टॅक्स घेणार. तिथून पुढे भाव चढून जो नफा होईल तो मात्र राहत्या राज्याचा. वॉशिंग्टनने २०२२ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर ७ टक्के कर लावलाय, पण तो अडीच लाख डॉलरच्या पुढे, आणि ती मर्यादाही थोडी थोडी वाढत जाते. नवीन आलेल्या माणसाने त्याची काळजी करू नये.

तिसरी गोष्ट घरून काम. घरी बसून केलेल्या दिवसांचा पगार सर्वसाधारण कर्मचाऱ्याला ओरेगनच्या हिशेबातून वगळता येतो. मॅनेजरच्या पदावर येत असाल तर मात्र आधी सीपीएला (इथल्या सीएला) विचारा, तिथे नियम वेगळा पडू शकतो. पण हे आपल्या मनाने करायचं नाही. कंपनीला वॉशिंग्टनमध्ये नोंदणी असावी लागते, आणि एल-१ च्या अर्जात कामाची जागा लिहिलेली असते, म्हणून एचआर आणि कंपनीचा वकील दोघांकडून ईमेलवर होकार घ्या. कुठल्या दिवशी कुठे बसून काम केलं याची नोंद ठेवा. ओरेगनचा महसूल विभाग पुरावा मागतो आणि ऑफिसच्या दारावर कार्ड घासल्याची नोंद कंपनीकडे असतेच.

आता जे कोणी सांगत नाही ते. वॉशिंग्टनमध्ये सेल्स टॅक्स आहे, व्हँकूवरला साडेआठ-नऊ टक्के. ओरेगनमध्ये शून्य. वॉशिंग्टनचा टॅक्स किराण्यावर नाही, पण बाकी जवळजवळ सगळ्या खरेदीवर. तुम्ही येताना दोन बॅगा घेऊन येणार, म्हणजे पहिल्या वर्षी गाडी, गाद्या, सोफा, टीव्ही, सगळंच घ्यायचंय. तीस हजारांच्या गाडीवर अडीच हजारांहून जास्त. गाडी ओरेगनमधल्या पोर्टलंडला घेतली तरी वॉशिंग्टनमध्ये नोंदणी करताना तेवढाच यूज टॅक्स (बाहेरून आणलेल्या वस्तूवरचा, सेल्स टॅक्सच्या जागी लागणारा कर) वसूल होतो. रहिवासी झाल्यापासून तीस दिवसांत गाडी आणि लायसन्स दोन्ही वॉशिंग्टनचं करायचं असतं. मित्राच्या पत्त्यावर ओरेगनची नंबरप्लेट ठेवणारे महाभाग भेटतील, तुम्हालाही सुचवतील. व्हिसावर असताना असल्या भानगडीत पडू नका.

आणि रस्ता. कोलंबिया नदीवर इथे दोनच पूल: आय-५ हायवेचा जुना, ज्याचा एक भाग १९१७ चा आहे, आणि पूर्वेला आय-२०५ चा. हिल्सबरो पश्चिमेला, म्हणजे तुम्हाला आय-५ च सोयीचा. हा पूल उंच बोटींसाठी वर उचलला जातो. ऐन गर्दीच्या वेळी उचलत नाहीत, पण दुपारी शाळेतून फोन आला आणि पूल वर असला तर गाडी बंद करून बसायचं. पूल संपला की पोर्टलंडची गर्दी, मग हायवे २६ चा बोगदा, जिथे सगळे विनाकारण ब्रेक मारतात. सकाळी सव्वा तास धरून चाला. सेंट जॉन्स पुलावरून कॉर्नेलियस पास रोडने जाता येतं, पण तो वळणावळणाचा आहे आणि पावसाळी अंधारात नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. रेल्वे म्हणाल तर मॅक्सची (पोर्टलंडची लोकल रेल्वे) ब्लू लाइन हिल्सबरोपर्यंत छान जाते, पण नदी ओलांडून व्हँकूवरला येतच नाही. नवा पूल बांधायचा बेत आहे, त्यावर टोलही बसवायचा आहे, तोही हिशेबात धरा.

देशी दुकानं, मुलीच्या वर्गात दोन-चार मराठी पोरं, शनिवारी कोणाकडे तरी पोह्यांना जाणं, हे हिल्सबरो-बीव्हर्टनकडे जास्त. पहिल्या हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो तेव्हा पत्नीला याची किंमत कळेल, सहा हजार डॉलरची नंतर.

एक गंमत मात्र सांगतो. ओरेगनचा महसूल अंदाजापेक्षा २ टक्क्यांहून जास्त जमला की जादा पैसे करदात्यांना परत मिळतात, त्याला किकर म्हणतात, आणि तो आम्हा पलीकडच्यांनाही मिळतो. २०२३ चा किकर आधीच्या वर्षीच्या टॅक्सच्या ४४.२८ टक्के होता. दरवेळी एवढा नसतो, कधी नसतोच.

तेव्हा माझा सल्ला: आल्या आल्या हिल्सबरोत ऑफिसजवळ भाड्याने राहा, वर्षाची लीज न करता सहा महिन्यांची मागा, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. गाडी आणि फर्निचर तिथेच राहून घ्या, सेल्स टॅक्सशिवाय. मोठी खरेदी करून लगेच पलीकडे गेलात तर वॉशिंग्टन गाडीवर यूज टॅक्स मागेल, पण ओरेगनमधल्या नोंदणीला नव्वद दिवस उलटलेले असले आणि तोवर तुम्ही खरेच ओरेगनचे रहिवासी असाल तर सहसा मागत नाही. पत्नीची नोकरी नक्की झाली आणि ती पलीकडे असली तर खुशाल या. वर्षाच्या मध्ये नदी ओलांडलीत तर त्या वर्षी ४०-एन ऐवजी ४०-पी भरायचा, आणि घर बदलल्याची तारीख सिद्ध करायला नवी लीज आणि वॉशिंग्टनचं लायसन्स जपून ठेवा.