टायटॅनिक ज्या कंपनीची होती, तिचं एखादं तरी जहाज आज शिल्लक आहे का?

हो, एकच आहे: ‘नोमॅडिक’. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या हॅमिल्टन डॉकमध्ये ते ठेवलंय आणि तिकीट काढून आत जाता येतं. व्हाइट स्टार लाइनच्या सगळ्या ताफ्यातलं हे शेवटचं जहाज, आणि माझं फार लाडकं.

नोमॅडिक हे टेंडर, म्हणजे किनाऱ्यावरून उतारूंना मोठ्या जहाजापर्यंत पोचवणारं जहाज. कोकणबोट खोल पाण्यात थांबायची आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जायचे, तेच हे काम. मात्र इथला पडाव ६७ मीटर लांब, वाफेवर चालणारा आणि हजार माणसं नेणारा! फ्रान्समधल्या शेरबूर्गला ऑलिंपिक, टायटॅनिक यांच्यासारखी जहाजं लागतील असा धक्काच नव्हता. म्हणून १९११ मध्ये बेलफास्टलाच, टायटॅनिक बांधणाऱ्या हारलंड अँड वुल्फच्या गोदीत ते तयार झालं. १० एप्रिल १९१२ च्या संध्याकाळी पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे उतारू नोमॅडिकमधून टायटॅनिकवर गेले. तिसऱ्या वर्गासाठी ‘ट्रॅफिक’ नावाचं वेगळं, साधं टेंडर होतं.

पहिल्या महायुद्धात नोमॅडिकने अमेरिकन सैनिक वाहिले. १९३० च्या दशकात शेरबूर्गला खोल पाण्याचा धक्का झाला आणि त्याची गरज संपत आली. पण दुसऱ्या महायुद्धात तो धक्का उद्ध्वस्त झाला, त्यामुळे पुन्हा हेच कामाला लागलं ते थेट १९६८ पर्यंत.

पुढे ते पॅरिसला गेलं आणि सीन नदीवर, आयफेल टॉवरसमोर, रेस्टॉरंट झालं. पुलांखालून जावं म्हणून त्याचा वरचा भाग कापावा लागला. याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र वाटतं, त्या हॉटेलानेच त्याला तारलं. रिकामं पडलं असतं तर कधीच भंगारात गेलं असतं. १९९९ मध्ये रेस्टॉरंट बंद झाल्यावर ती वेळ जवळजवळ आलीच होती. २००६ च्या लिलावात उत्तर आयर्लंडच्या सरकारी खात्याने २,५०,००१ युरोंना ते घेतलं. किमान बोली अडीच लाखांची, म्हणजे वर फक्त एक युरो!

मग ते तराफ्यावर चढवून बेलफास्टला आणलं आणि बरीच वर्षं दुरुस्ती करून २०१३ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. गेलात तर पहिल्या वर्गाच्या दालनात जास्त वेळ काढा. वरचा भाग नव्याने उभारलेला आहे, पण त्या दालनातलं लाकूडकाम आणि भिंतींवरची प्लास्टरची नक्षी बऱ्याच अंशी मूळची आहे.