वास्तुसल्ला : सज्जा पाडावा की दुरुस्त करावा?

प्रश्न : बडोद्यात रावपुऱ्याच्या बाजूला, तांबेकर वाड्यापासून साधारण ६० मीटरवर आमचे पणजोबांच्या काळातील तीन मजली घर आहे. दर्शनी भागाला सागवानी सज्जा, कोरीव टेकू आणि चुन्याचा गिलावा आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि सज्ज्याच्या दोन तुळया भिंतीलगत कुजल्या आहेत. सज्जा पाडून काँक्रीटची गॅलरी करावी, भिंतींना सिमेंटचा गिलावा द्यावा, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवाव्यात आणि गच्चीवर एक खोली वाढवावी, असे माझे धाकटे बंधू आणि ठेकेदार यांचे म्हणणे आहे. घर आमच्या मालकीचे असताना परवानगी लागते का? आणि या कामांविषयी आपले मत काय?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : परवानगी लागते. बडोदे संस्थानाचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा त्यातील भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असून तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून सर्व बाजूंनी १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित मानले जाते. हे अंतर वाड्याच्या दारापासून नव्हे, तर संरक्षित हद्दीपासून मोजतात. म्हणून आपले ६० मीटर कोठून मोजले आहेत, हे आधी तपासून घ्यावे.

प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. मात्र १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराच्या मालकाला दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि आपले घर त्यात निश्चित बसते. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, सिटी सर्व्हेचा उतारा, दर्शनी भागाची आजची छायाचित्रे आणि प्रस्तावित कामाचे रेखाचित्र तयार ठेवावे. महानगरपालिकेकडील परवानगीची चौकशी वेगळी करावी लागेल, कारण एका कार्यालयाची संमती दुसऱ्याला लागू पडत नाही. विनापरवाना बांधकामास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, हे बंधूंना आणि विशेषतः ठेकेदाराला स्पष्ट सांगावे.

आता कामांविषयी. माझा सर्वांत ठाम विरोध सिमेंटच्या गिलाव्याला आहे, आणि तो केवळ रूप बिघडेल म्हणून नाही. विटा आणि चुन्याच्या जुन्या भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडून सुकते. सिमेंटचा घट्ट थर ही वाट बंद करतो, त्यामुळे ओल आतल्या आत वर चढते, क्षार साचून विटा भुगा होऊ लागतात आणि भिंतीत रुतलेली लाकडाची टोके कुजतात. आपल्या दोन तुळया भिंतीलगतच कुजल्या आहेत, या तपशिलाने मला थांबविले. त्या जागी पूर्वी कधी सिमेंटचे ठिगळ लावले होते का, किंवा वरची पन्हाळ फुटून पाणी तेथेच मुरते का, हे पाहा. पाण्याचा मार्ग सापडल्याशिवाय केलेला कोणताही गिलावा, चुन्याचासुद्धा, वाया जाईल. मार्ग बंद केल्यानंतर भिंत पुरेशी सुकू द्यावी आणि मगच चुना लावावा.

सज्जा पाडण्याची गरज मला दिसत नाही. सज्ज्याला तात्पुरता आधार देऊन, कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून, त्याला नव्या सागाचा जोड देणे हे जाणत्या सुताराचे नेहमीचे काम आहे. एखादी तुळई फारच पोकळ झाली असेल तर तेवढी एकच बदलावी. काँक्रीटची गॅलरी जड असते, तिचा भार जुन्या भिंतीने झेलावा अशी अपेक्षा ठेवणे मला धोक्याचे वाटते, शिवाय ती दुरुस्तीऐवजी नव्या बांधकामात धरली जाण्याचा संभव आहे. कोरीव टेकूंवर तैलरंगाचे थर असतील तर ते घासण्याच्या यंत्राने काढू नयेत, कारण रंगाबरोबर नक्षीच्या कडाही जातात.

खिडक्यांच्या बाबतीत मात्र बंधूंची अडचण खरी आहे. धूळ, डास आणि रावपुऱ्यातील वाहनांचा आवाज सोसत राहा, असे मी सांगणार नाही. बाहेरच्या लाकडी झडपा दुरुस्त करून त्यांच्या आतल्या बाजूला काचेची आणि जाळीची वेगळी चौकट बसवावी; ती उद्या काढता येते आणि रस्त्यावरून दर्शनी भाग तसाच दिसतो.

गच्चीवरची खोली आराखड्यातून आताच वगळावी. प्रतिबंधित क्षेत्रात तिला मान्यता मिळणार नाही, आणि ती त्याच अर्जात राहिली तर तातडीच्या तुळयांचे कामही तिच्यापायी अडकून पडेल.