बायकोचं बाहेर प्रकरण असेल तर पोटगी द्यावी लागते का? (ठाणे)
नुसत्या आरोपावर पोटगी थांबत नाही. ती ‘व्यभिचारात राहते’ हे तुम्हाला कोर्टात सिद्ध करावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४(४), म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (CrPC) १२५(४), तसं सांगतं. एखाददुसरा प्रसंग पुरत नाही, संबंध सतत चालू हवेत, असं उच्च न्यायालयांनी वारंवार म्हटलंय. ठाण्याच्या फॅमिली कोर्टात वकिली करतो. व्हॉट्सअ‍ॅपचे दोन स्क्रीनशॉट घेऊन निर्धास्त असलेले नवरे रोज भेटतात. तेवढ्यावर सहसा भागत नाही. घटस्फोटानंतरच्या कायमस्वरूपी पोटगीत मात्र (हिंदू विवाह कायदा, कलम २५) दोघांचं वर्तनही कोर्ट बघतं, तुमचंसुद्धा. आणि मुलांचा खर्च यातून सुटत नाही.