बोलणारे थोडे असलेल्या भाषांचं संस्कृतीत नेमकं काम काय?

सगळ्यात ठळक काम विधींमध्ये दिसतं. पालघरकडच्या वारली लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी बाई, वारलीतून गाणी म्हणत लग्न लावते. देवांना बोलावणं, नवरा-नवरीला समजावणं, सगळं त्या गाण्यांत. ती म्हणणारी नसेल तर चौक नुसतं चित्र उरतो; बाजारातल्या वारली चित्रांचं तेच झालंय.

संख्येचा घोळ वेगळाच. १० हजारांपेक्षा कमी भाषकांच्या भाषा जनगणनेत वेगळ्या दाखवत नाहीत. बुलढाण्यातली निहाली, जिचं कुठल्याच भाषाकुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही, भाषक इतके थोडे म्हणूनच यादीत सापडत नाही.

जतन करायचं असेल तर आधी परवानगी घ्या आणि विधी चालू असतानाच सलग रेकॉर्ड करा. खुर्चीवर बसवून गाऊन घेतलं की क्रम चुकतो, कडवी गळतात. फाइल डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी, ठेवा; आवाज दाबून लहान केलेल्या एमपी३मध्ये बारीक उच्चार पुसट होतात. मग गाणाऱ्या बाईकडूनच, आठवडाभरात, ओळीओळीचा अर्थ लिहून घ्या. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण तासभराच्या ध्वनिमुद्रणाचा अर्थ लिहायला कित्येक दिवस लागतात. तो कंटाळा केला तर हाती नुसता आवाज राहतो.